ठिपकेबाईंची खिडकी

मी गणित शिकवते, आणि चित्रं काढून गणित शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत काय होतं, ते आमच्या कॉलेजच्या भिंतींनाही माहीत आहे. ज्याला आकडे पेलत नाहीत तो चित्रं काढतो, असं मी भर स्टाफरूममध्ये म्हणत असे. समोर ड्रॉइंगचे सर बसलेले असले तरी आवाज खाली आणत नसे. माझी जीभ अशीच आहे, आणि ती आता सुधारेल अशी आशा घरच्यांनीही सोडली आहे.

ते माझं मत ठिपकेबाईंनी एका सकाळी सात मिनिटांत मोडून ठेवलं. कसं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बाई आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक होत्या. सकाळी कुलूप काढायचं, सोळा कॉम्प्युटरांपैकी जे चौदा चालत ते चालू करायचे, मुलांच्या सह्या घ्यायच्या, कुणी माऊसची वायर ओढून तोडली की त्याला चार शब्द सुनावून दुसरा माऊस आणून द्यायचा, हे त्यांचं काम. अंगानं किरकोळ, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. बाई येतायत हे बाई दिसायच्या आधी त्या जुडग्यावरून कळायचं. कॉलेजात येण्याआधी त्या अकरा वर्षं एका सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीत बसत होत्या. माणूस खिडकीशी येतो, नाव सांगतो, वय सांगतो, कुठं दुखतं ते सांगतो, चिठ्ठी घेऊन आत जातो. पुढचा. सकाळी नऊ ते दुपारी एक. एक वाजला की शटर खाली.

आमच्याकडे आल्यावर त्या नऊ वर्षं लॅबच्या मागच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत बसून त्यांनी प्रत्येक वर्षाची प्रत्येक प्रॅक्टिकल ऐकली. मुलं एक विषय एकदा ऐकतात, तोही अर्ध्या कानानं. बाईंनी तो नऊ वेळा ऐकला. प्रोग्रॅम कसा लिहायचा हे त्यांना कुणी शिकवलं नाही, आणि त्या शिकतायत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मागच्या खुर्चीकडे कोण बघतो?

आता विषय कुठला, ते सांगते. सिम्युलेशन. म्हणजे एखादी गोष्ट खरोखर करून बघायला जड असेल तर तिची नक्कल कॉम्प्युटरमध्ये करून बघायची. दवाखान्यात दोन खिडक्या ठेवल्या तर काय होईल, तीन ठेवल्या तर काय होईल? खऱ्या आजारी माणसांना ताटकळत ठेवून हे तपासणं काही बरं नाही. म्हणून खोटी माणसं खोट्या खिडकीपुढे उभी करायची आणि काय होतं ते मोजायचं. विषय खरं तर गमतीचा आहे. पण आम्ही तो तक्त्यांनी शिकवायचो. पहिला माणूस किती वाजता आला, त्याचं काम कधी सुरू झालं, तो किती थांबला, कधी गेला, मग दुसरा, मग तिसरा, असे वीस. ओळी वीस, रकाने आठ. सातव्या माणसापाशी मुलांची बेरीज चुकायची आणि तिथून पुढचे तेरा जण चुकीच्या वेळी ये-जा करायचे. दरवर्षी अर्धा वर्ग गारद व्हायचा. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं मी मुलांना सुनावायचे. आता वाटतं, अंगणाकडे एकदा मीही नीट बघायला हवं होतं.

त्या सकाळी पावणेआठला मी प्रिंट काढायला लॅबमध्ये गेले. बाई कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे एकट्याच होत्या आणि पडद्यावर हिरवे ठिपके चालत होते. डावीकडच्या दारातून एकेक ठिपका आत यायचा, रांगेच्या शेपटाला लागायचा, पुढे सरकायचा. जो फार वेळ उभा राही तो हिरव्याचा पिवळा होई, पिवळ्याचा लाल. वर घड्याळ पळत होतं. खाली रांगेची लांबी दाखवणारी एक रेघ चढत-उतरत होती.

"हे काय, खेळ खेळताय की काय सकाळी सकाळी?" मी म्हटलं.

बाई दचकल्या. पण पडदा बंद नाही केला. "मॅडम, तुमचे वीस जण आहेत हे," त्या म्हणाल्या. "तक्त्यातले. नऊ वर्षं नुसते रकान्यात बघितले. म्हटलं, एकदा चालताना बघावेत."

मला हसू आलं, चांगल्या अर्थानं नव्हे. मी म्हटलं, "आणि या चित्रातून मुलांना काय कळणार?"

"तुम्हीच बघा ना," असं म्हणून त्यांनी माऊस माझ्या हातात दिला. पडद्याच्या खालच्या अंगाला एक स्लायडर होता. तो उजवीकडे ओढला की दारातून माणसं भराभर यायची. मी जरासा ओढला. काही झालं नाही. आणखी जरासा. रांग दोनाची तीन झाली, तिनाची दोन. मी म्हटलं, ठीक आहे, आणि आणखी नखभर ओढला. आणि रांग फुटली! दारापर्यंत गेली, वळसा घेऊन परत आली, अर्धा पडदा लाल झाला आणि खालची रेघ सरळ छताकडे निघाली.

मी खुर्चीत कधी बसले ते मला आठवत नाही. खिडकीची क्षमता संपत आली की रांग हळूहळू नाही, एकदम वाढते, हे सूत्र मी अठरा वर्षं फळ्यावर लिहीत होते. मला ते पाठ होतं. पण बघितलं नव्हतं! स्लायडर मागं ओढला तरी तो लाल गर्दीचा लोंढा लगेच ओसरेना. मी पुढे ओढला, मागे ओढला, पुन्हा पुढे. आठ वाजले, मुलं यायला लागली, आणि बाई म्हणाल्या, "मॅडम, प्रिंट काढायची होती ना तुम्हाला?"

प्रिंट राहिली. मी स्टाफरूममध्ये जाऊन ड्रॉइंगच्या सरांची माफी मागितली. त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही, पण ते दिवसभर खूश होते.

त्या दिवसापासून मी बाईंच्या पाठीच लागले. रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी जाऊन धडकले. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. यजमान बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. गडी अबोल, पण बायकोचा कॉम्प्युटर सतत चालता ठेवणारा. कॉम्प्युटर जुना, शिलाई मशीनच्या टेबलावर मांडलेला, बाजूचं झाकण काढून टाकलेला, कारण आतला पंखा अडकला की यजमान पेन्सिलीनं त्याला टिचकी मारत. आणि या कारखान्याच्या मुख्य परीक्षक होत्या बाईंच्या सासूबाई. वय पंच्याहत्तर, गुडघे दुखरे, आवाज खणखणीत.

"सरक की मेल्या, सरक!" मी जिना चढत असतानाच मला ऐकू आलं. वर जाऊन बघते तर सासूबाई पडद्याला नाक लावून ठिपक्यांना दटावत होत्या. "तुझ्यामागं केवढी माणसं खोळंबलीत!"

"अहो आई, ते तुमचं ऐकणार नाहीत," बाई म्हणाल्या.

"न ऐकायला काय झालं? तू केलेत ना? मग सुनेचं ऐकतात आणि सासूचं नाही, होय?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा हिला. यातला माझा ठिपका कोणता, तेच कळत नाही. आपला माणूस कुठला हे कळल्याशिवाय शर्यत बघायची तरी कशी?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. यजमान पंख्याला टिचकी मारता मारता थांबले. त्या एका वाक्यावर बाईंनी पुढचे चार रविवार घालवले. आता कुठल्याही ठिपक्यावर माऊस टेकवला की त्याच्याभोवती पांढरी कडा यायची आणि तो दारातून शिरल्यापासून खिडकीपर्यंत तुमचा व्हायचा. किती मिनिटं झाली, पुढे किती जण आहेत, सगळं त्याच्या डोक्यावर दिसायचं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी अठ्ठावीस ठिपके दत्तक घेतले.

इकडे कॉलेजात वेगळंच शिजत होतं. अभ्यासक्रमाची समिती येणार होती. मुलं नापास होतात, तेव्हा सिम्युलेशन हा विषयच काढून टाकावा, असा प्रस्ताव होता. विषय गेला की त्याचे तास जाणार, तास गेले की लॅब दुसऱ्या विभागाकडे जाणार, आणि बाईंची बदली तळघरातल्या भांडारात होणार. तिथं खुर्च्या, खडूचे खोके आणि एक मिणमिणता दिवा. विभागप्रमुखांना मी अक्षरशः खिंडीत गाठलं. म्हटलं, समितीला बाईंचे ठिपके दाखवू द्या. ते म्हणाले, सहायकाला समितीपुढे उभं करायची पद्धत नाही. मी म्हटलं, नापास करायची पद्धत आहे ना, ती किती वर्षं चालवायची? बऱ्याच घासाघिशीनंतर ते म्हणाले, "आकडे बरोबर आहेत असं तुम्ही लिहून द्या. मग बघू. समितीला पटलं तर विषय राहील, आणि प्रॅक्टिकल बाईच घेतील. नाही पटलं तर मला काही सांगू नका."

प्रॅक्टिकल बाई घेतील! हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरला. मग म्हणाल्या, "फळ्यापाशी उभं राहून?"

"नाही, फळ्यावर चढून," मी म्हटलं.

आकडे मी तपासले. माझ्या लाडक्या तक्त्यांनीच तपासले. वीस माणसं हातानं, वीस माणसं ठिपक्यांनी. मिनिटाला मिनिट जुळलं. शंभर माणसं घेतली, तीही जुळली. मी ऐटीत सही ठोकून दिली.

समिती आली त्या दिवशी लॅब घासूनपुसून लखलखीत केली होती. समितीत तिघं. अध्यक्षबाई पुढच्या खुर्चीत, करड्या केसांच्या, हातात उघडं पेन. बाकीचे दोघं त्यांच्या तोंडाकडे बघून मान हलवणारे. मागं मुलांचा एक गट, मी, विभागप्रमुख आणि पुढच्या दाराशी, पडद्यालगत, आमचे शिपाईकाका. त्यांना मोठा पडदा खाली ओढून धरायचं काम होतं, कारण तो आपणहून वर जायचा.

बाईंचा आवाज पहिली दोन वाक्यं कापला. पण ठिपके चालायला लागले आणि बाईंना आपण समितीपुढे उभ्या आहोत याचा विसरच पडला. "बघा, आता खिडकी एक. आता दोन. ही रांग बघा, ही बघा कशी विरली!" त्या हातवारे करत होत्या, चष्मा गळ्यात हिंदकळत होता. मुलं पुढे झुकली. मान हलवणाऱ्या दोघांपैकी एक जण उठून माऊसपाशी गेला आणि त्यानं स्वतःच स्लायडर ओढला. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण लावलं! मी मनातल्या मनात उडी मारली.

"ज्याला हवा त्यानं आपला ठिपका निवडा," बाई म्हणाल्या. "आपण पूर्ण दवाखाना चालवू. तीन खिडक्या, नऊ ते एक. गर्दी तुम्ही ठरवा."

अध्यक्षबाईंनी स्लायडर स्वतः ओढला, बराच उजवीकडे. मुलांनी ठिपके निवडले. आणि बाईंनी दाराकडे बघून म्हटलं, "काका, तुम्ही पण निवडा. धरा एका हातानं पडदा." काका लाजले, पण पडद्यापाशीच तर होते. त्यांनी दारातून नुकत्याच आत आलेल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं, बाईंनी तिथं माऊस टेकवला. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

काकांचा ठिपका रांगेत लागला. पुढे एकतीस जण. हिरव्याचा पिवळा झाला. काका बोटानं त्याच्याबरोबर सरकत होते. पुढे वीस जण, पंधरा जण. एक वाजला. खिडक्या बंद झाल्या, पडदा स्वच्छ झाला, आणि खाली ठळक अक्षरांत उत्तर आलं: सरासरी थांबण्याचा वेळ, एकोणीस मिनिटं.

"वा," विभागप्रमुख म्हणाले. "एवढ्या गर्दीत एकोणीस मिनिटं म्हणजे उत्तमच." टाळ्या सुरू झाल्या.

"बाई," काका म्हणाले. त्यांचं बोट अजून मोकळ्या पडद्यावरच होतं. "मी कुठं गेलो?"

टाळ्या विरल्या. विभागप्रमुखांनी हसून म्हटलं, "अहो काका, ते चित्र आहे. एक वाजला, संपलं."

"पण माझा नंबर लागला नव्हता," काका म्हणाले. "पंधरा जण होते पुढं."

मी पडद्याकडे बघितलं आणि मला ते दिसलं. एक वाजता जे रांगेत होते ते सगळे पुसले गेले होते. ते कुणाच्या सरासरीत नव्हते. ज्यांचं काम झालं त्यांचीच मिनिटं मोजली होती, आणि ज्यांचं झालंच नाही, ते जणू आलेच नव्हते. माझ्या तक्त्यात हे कधी सापडणार? माझ्या तक्त्यात विसाव्या माणसाचं काम होईपर्यंत मी पेन खाली ठेवत नसे. तिथं कधी एक वाजतच नव्हता. आणि खाली माझी सही होती!

मी बाईंकडे बघितलं. त्यांना सावरून घेता आलं असतं. विभागप्रमुखांनी वाट करून दिलीच होती. नुसतं "हो, चित्रच ते" म्हटलं असतं तरी समिती जेवायला उठली असती, विषय राहिला असता आणि फळा त्यांना मिळाला असता.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. मग वळल्या.

"माझ्याकडून चुकलंय," त्या म्हणाल्या. "सपशेल चुकलंय."



"अकरा वर्षं मी खिडकीत बसले. एक वाजला की माझा हात आपोआप शटरकडे जायचा. शटर पडलं की बाहेरचं दिसत नाही. मला वाटायचं, रांग संपली." त्यांनी काकांकडे बघितलं. "प्रोग्रॅम लिहिताना मी एक वाजता सगळं पुसून टाका असं लिहिलं. हे चुकीचं असेल असं मनातसुद्धा आलं नाही हो. हजार वेळा बघितलं मी ते पुसलेलं. रांगेतली माणसं मी कुठं पाठवली? कुठंच नाही!"

त्यांचे डोळे भरले होते. आणि मग, मी शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा उजळला. "पण थांबा! थांबा, उठू नका कुणी! हे दुरुस्त करता येतं. खऱ्या खिडकीत नाही करता येत, इथं येतं!" आणि त्या कॉम्प्युटरपुढे बसल्यासुद्धा.

मी समितीकडे बघितलंच नाही. खडू उचलला आणि फळ्यापाशी गेले. सही माझी होती, तेव्हा निस्तरायचंही मलाच होतं. "किती आले?" मी ओरडले. "दोनशे चौदा!" पडद्यावरचे आकडे टिपून ठेवलेली मुलं ओरडली. "काम किती जणांचं झालं?" "एकशे ऐंशी!" राहिले चौतीस. ते आता उद्या नऊला येणार. एक ते नऊ म्हणजे वीस तास, म्हणजे बाराशे मिनिटं, प्रत्येकी. आज रांगेत उभे राहिले ते सोडूनच द्या. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी दोन वर्षांत माझ्या तासाला तोंड उघडून बोलली नव्हती, ती माझ्याआधी भागाकार करून मोकळी झाली. "मॅडम, दोनशे सात मिनिटं! तीन तास सत्तावीस मिनिटं!"

एकोणीस मिनिटांचे तीन तास सत्तावीस मिनिटं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी दोन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले. इतक्या वर्षांत माझ्या फळ्यावरच्या आकड्यासाठी कुणी असा श्वास रोखून धरला नव्हता.

"झालं!" बाई म्हणाल्या. "काका, या पुढं. तोच दवाखाना, तीच गर्दी. तुमचा ठिपका पुन्हा निवडा."

काकांनी निवडला. रांग सरकली, लाल झाली, एक वाजला. खिडक्या बंद झाल्या. पण आता चौतीस ठिपके तसेच राहिले. ते हळूहळू दाराबाहेर गेले आणि भिंतीलगत एका ओळीत बसले. बाईंनी घाईघाईत तिथं एक बाकसुद्धा काढलं होतं, वाकडंतिकडं. घड्याळ भराभर फिरलं. नऊ वाजले. ठिपके उठले, नव्या गर्दीच्या पुढे उभे राहिले, आणि थोड्या वेळानं काकांचा ठिपका खिडकीला टेकला.

"लागला!" काका इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातून पडदा सुटला आणि सुर्रकन वर गेला. "माझा नंबर लागला!" सगळी लॅब हसली. मुलं बाकं बडवत होती. मी खडूसकट टाळ्या वाजवत होते आणि माझ्या साडीवर पांढरी पूड उडत होती.

अध्यक्षबाई हसल्या नव्हत्या. हशा ओसरला तशा त्या म्हणाल्या, "ती आधीची प्रत आहे का अजून? चुकीची?"

बाईंचा चेहरा उतरला. "आहे. आत्ता पुसते."

"मुळीच पुसायची नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पहिल्या तासाला मुलांना तीच द्या. शोधू देत त्यांची त्यांना. आणि..." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि विभागप्रमुखांकडे बघितलं. "प्रॅक्टिकल कोण घेणार म्हणालात?"

विभागप्रमुखांनी बाईंकडे असं बोट दाखवलं, जणू ही कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती.

संध्याकाळी मी मुद्दाम बाईंबरोबर त्यांच्या घरी गेले. सासूबाईंना सगळी हकिगत सविस्तर हवी होती. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं, मग न बोलता कॉम्प्युटरचं काढून ठेवलेलं झाकण आणलं, पुसलं आणि नीट बसवलं. सासूबाई तेवढ्या खूश नव्हत्या. "म्हणजे माझ्या अठ्ठावीस जणांतले किती बाहेर राहिले होते?" त्यांनी विचारलं. "सात तरी असतील," बाई म्हणाल्या. "मला सांगितलं नाहीस," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते सातही जण पुन्हा चालवायला लावले. सगळ्यांचे नंबर लागेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.

पहिल्या तासाला मी मागच्या खुर्चीत बसले, बाईंच्या जुन्या खुर्चीत. ती डुगडुगते हे मला तेव्हा कळलं. नऊ वर्षं या बाईंनी एका शब्दानं तक्रार केली नव्हती. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून. मुलांना चुकीची प्रत दिली होती. मुलं खूश होती, एकोणीस मिनिटं एकोणीस मिनिटं म्हणून वहीत लिहीत होती. बाई नुसत्या बाकांमधून फिरत होत्या. विचारत होत्या, "तुझा ठिपका कोणता? आणि तो आता कुठं आहे?" एक जण थांबला. मग त्याच्या शेजारची थांबली. मग लॅबभर एकदम गलका उठला, "बाई, माझा गेला! बाई, माझा पण!" आणि बाई अशा हसल्या की मला मागच्या खुर्चीत उगीच नाक पुसावं लागलं.

दोन तास कसे गेले ते समजलं नाही. घंटा झाली. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर एक वाजला होता. मुलांनी दप्तरं आवरली, काका कुलूप घेऊन दाराशी आले. बाईंचा हात सवयीनं किल्ल्यांकडे गेला, आणि तिथंच थांबला.

"कुणाचं राहिलंय का अजून?" त्यांनी विचारलं.

पाच हात वर झाले. बाईंनी जुडगा टेबलाच्या खणात टाकला, काकांना आत येऊन बसायला सांगितलं आणि पहिल्या हातापाशी गेल्या. त्या दिवशी आम्ही सव्वादोनला जेवलो.